दोन हजार दहाला पोहोचणारं स्वच्छतागृह

अन्याय झाला तो आमच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या अकरा मुलींवर. कधी झाला तेही सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की ही पोरगी हवेत बोलते. साल दोन हजार तीन, फेब्रुवारीतला दुसरा सोमवार, सकाळचे सव्वादहा. बारावीच्या परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. ठिकाण कोल्हापूरची मंगळवार पेठ, आमच्या मंडळाची इमारत, मागची बाजू. तिथं मुलींसाठी बांधलेलं नवंकोरं स्वच्छतागृह उभं होतं. पांढऱ्या फरशा, नळ, नळाला पाणी, सगळं. आणि दाराला बाहेरून भलंमोठं पितळी कुलूप. कुलपाच्या वर एक पाटी टांगलेली, खडूनं लिहिलेली, अक्षर मोत्यासारखं: "आगमन : सन २०१०".

हा अन्याय ज्यांनी केला ते आमच्या मंडळाचे सेक्रेटरी. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. एक तर ते आता हयात नाहीत, आणि दुसरं म्हणजे पेठेत निम्म्या लोकांना ते नाव माहीतच नव्हतं. घराच्या दारावर 'सेक्रेटरी' एवढीच पाटी होती. लग्नपत्रिकांवर 'सेक्रेटरी आणि परिवार' असं लिहून यायचं. त्यांची बायको, आमच्या काकी, त्यासुद्धा चारचौघांत "सेक्रेटरी जेवलं न्हाईत अजून" असंच म्हणायच्या. या माणसावर मी जेवढी चिडले तेवढी आजवर कुठल्या आमदारावरही चिडलेली नाही. सगळा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. पण माणूस होता कसा ते एकदा नीट लिहून ठेवायला पाहिजे. नाहीतर पुढच्यांना वाटेल की कोणी साधाच मठ्ठ माणूस होता. साधा मठ्ठपणा नव्हता तो.

सेक्रेटरी तीस वर्षं बसस्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या खोलीत बसून माईकवरून गाड्या सांगायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते, कुठली सुटते, कुठली लेट आहे. रिटायर झाले तरी खाकी शर्ट सुटला नाही आणि तो आवाजही सुटला नाही. मंडळाच्या दारात शिरणाऱ्या प्रत्येकाला ते आधी "कुठनं?" विचारायचे आणि मग "कुठं?" लग्नात नवरी निघाली की मांडवातला माईक हातात घेऊन तिचा मार्ग सांगायचे, मधल्या गावांसकट. आणि प्रत्येक गोष्ट दोनदा, कारण स्टँडवर एकदा सांगून कुणाला ऐकू येत नाही. आमच्या शेजारचे नव्वदी ओलांडलेले आजोबा गेले तेव्हा सेक्रेटरी भेटायला आले, हात जोडून, डोळे मिटून बसले. आम्हाला वाटलं, माणूस हलला आतून. मग आजोबांच्या मुलाचा खांदा थोपटून म्हणाले, "वेळेत सुटलं बघ. आता खिडकीची जागा मिळाली असंल." आणि उठता उठता परत एकदा, "वेळेत सुटलं." रडणारी माणसं तोंडाला पदर लावून आत पळाली.

नव्वद साली मंडळानं वीस वर्षांची योजना केली. तशी प्रत्येक मंडळाच्या घटनेत उद्दिष्टं असतातच. तरुणांचा विकास, आरोग्य, इमारत. बाकीची मंडळं ती अहवालाच्या पहिल्या पानावर छापतात आणि शेवटच्या पानावर पोचेपर्यंत विसरतात. सेक्रेटरी विसरणाऱ्यातले नव्हते. त्यांनी सभागृहाची एक अख्खी भिंत काळी रंगवून घेतली, तिच्यावर तीन रेघा ओढल्या आणि तिन्ही उद्दिष्टांना गाड्या लावून दिल्या. तरुण मिरजेकडून निघाले, जयसिंगपूर, हातकणंगले करत. आरोग्य, म्हणजे पेठेचा दवाखाना, रत्नागिरीकडून, आंबा घाट चढून, मलकापूरवरून. इमारत निपाणीकडून, कागलमार्गे. तिन्ही गाड्यांनी वीस वर्षांत कोल्हापूर गाठायचं. कुठल्या वर्षी कुठलं गाव, तेही ठरलेलं.

दर वर्षाच्या सभेत सेक्रेटरी हातात लांब वेताची काठी घेऊन प्रगती सांगायचे. तरुण जयसिंगपूरला पंक्चर. आरोग्य मलकापूरला चहाला थांबलंय. इमारत वेळेवर धावतीय. लोक टाळ्या वाजवायचे. हसण्यावारी नेता नेता सगळ्या पेठेला ही भाषा चिकटली. भाजी घेताना बायका एकमेकींना विचारायच्या, दवाखाना कुठवर आला गं? आणि दुसरी गंभीरपणे सांगायची, मलकापूरलाच हाय अजून. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं की या पेठेचं पाणीच वेगळं आहे.

आता आरोग्याची गाडी मलकापूरला का अडकली ते सांगते. महिन्यातून एकदा एक डॉक्टर येऊन सगळ्यांचं वजन आणि रक्तदाब बघायचे, फुकट, बिचारे. वजनकाटा सेक्रेटरींनी आणला होता तो स्टँडवरचा, पार्सलची पोती मोजायचा. तो बाहेर व्हरांड्यात असायचा आणि डॉक्टरांपुढं जायचे ते नुसते आकडे. आणि त्यांचा आग्रह असा की माणूस हातातल्या सामानासकट काट्यावर उभा राहिला पाहिजे. कारण माणूस रोज चालतो तो सामानासकटच. त्यामुळं आमच्या पेठेतल्या बायका भाजीच्या पिशव्या घेऊन, दूधवाले दुधाचे कॅन घेऊन आणि एक गृहस्थ सायकल घेऊन काट्यावर चढले. डॉक्टरांनी कागद बघितले आणि सगळ्या पेठेला तूप बंद करायला सांगितलं. पुढं वर्षभर त्यांना कळेना की तूप बंद करूनही दिवाळीच्या आधी सगळ्यांची वजनं एकदम वाढतात कशी.

तरुणांची गंमत त्याहून वाईट. नव्वद साली सेक्रेटरींनी पेठेतल्या बत्तीस तरुणांची नावं यादीत घातली. गाडी एकदा सुटली की मधे कुणी चढायचं नाही, असा नियम, कारण ही गाडी विनाथांबा. मी एकदा विचारलं की विनाथांबा आहे तर जयसिंगपूरला पंक्चर काढायला कशी थांबली? तर म्हणाले, "पंक्चर म्हंजे थांबा न्हवं, लेकी." त्यामुळं दोन हजार तीन सालीसुद्धा मंडळाचे तरुण तेच बत्तीस जण होते. पोटं सुटलेली, केस पिकलेले, एकाला तर नातू झालेला. ते संध्याकाळी येऊन 'युवक विभाग' लिहिलेल्या खोलीत कॅरम खेळायचे आणि चष्मा कपाळावर चढवून स्ट्रायकर शोधायचे. मंडळाचे अध्यक्षही त्यातलेच. पूर्वीचे पैलवान, आता दूधवाले, सायकलसकट वजन करून घेणारे गृहस्थ म्हणजे तेच. मुलीचं नाव यादीत एकही नव्हतं. नव्वद साली ज्या तेरा जणांनी योजना केली त्यांतल्या कुणाला मुली आठवल्या नाहीत. तेरा जणांच्या घरात मिळून किती मुली होत्या ते मी मोजलं होतं आणि पत्रकात छापलं होतं. इथं परत छापत नाही, अजून लाज वाटते त्यांतल्या काहींना.

इमारतीची गाडी मात्र खरोखर वेळेवर धावायची. सभागृह ठरल्या साली झालं. पुरुषांचं स्वच्छतागृह ठरल्या साली झालं. दोन हजार साली अभ्यासिका झाली. ती फक्त मुलांची, असं योजनेत लिहायचं राहून गेलं होतं म्हणून आम्ही मुली जाऊन बसलो. सेक्रेटरींनी योजना काढून दोनदा वाचली, मनाई सापडली नाही, म्हणाले बसा. या बाबतीत माणूस चोख होता. कागदात नाही ते अडवायचं नाही. आणि कागदात होतं ते असं: मुलींसाठी स्वच्छतागृह, सन दोन हजार दहा.

म्हणजे तीन वर्षं आम्ही अकरा जणी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बसायचो आणि आम्हाला जायला जागा नव्हती. हे नीट समजून घ्या. पुरुषांचं होतं, त्याला दार नव्हतं. राहिलं घर. आणि अभ्यासिकेतून लघवीला घरी गेलेली मुलगी परत येत नाही. गेली की आई म्हणते, आलीच आहेस तर एवढं दळण टाकून ये. दळण टाकून आली की पाहुणे आलेले असतात. पाहुणे गेले की दिवस गेला.

आमच्यात वैशाली म्हणून एक होती. तिचे वडील गवंडी. आई एका खोलीच्या घरात भाकऱ्या करून विकायची, दिवसाला शंभरावर. वैशाली घरी दिसली की तिच्या हातात पीठ. बारावीला तिचं गणित एकदा राहिलं होतं, भाकऱ्यांमुळंच राहिलं असं माझं स्पष्ट मत आहे. या खेपेला सुटलं तर नर्सिंगला जायचं, नाही सुटलं तर तव्यापुढं कायमचं बसायचं, असं घरात ठरलेलं. म्हणून ती घरी जायचीच नाही. जायला लागू नये म्हणून पाणी प्यायची नाही. सकाळी घोटभर चहा, मग संध्याकाळपर्यंत काही नाही. जानेवारीत तिला उन्हाळी लागली, लघवीला नुसती आग. ताप चढला, डोळे पांढरे केले, बाकावरून खाली पडली. डॉक्टर म्हणाले, पाणी पी बाई. ती पडली त्याच्या वरच भिंतीवर सेक्रेटरींच्या अक्षरात आरोग्याची पाटी होती: रोज आठ पेले पाणी प्यावे.

हे बघून तिच्या वडिलांनी कुणाला विचारलं नाही. सभागृहाच्या कामातल्या उरलेल्या विटा मागच्या बाजूला पडल्या होत्या, पुरुषांच्या बाजूच्या उरलेल्या फरशा होत्या. त्यांनी रोज आपलं काम आटपून संध्याकाळी तासदोन तास असं करत तीन आठवड्यांत मुलींचं स्वच्छतागृह उभं केलं. रविवारी नळ बसला. सोमवारी सव्वादहाला आम्ही अकरा जणी मागं गेलो, आणि पुढं कुलूप.

वैशालीचे वडील भांडायला आले नाहीत. ते मोठ्या माणसांपुढं बोलत नसत. भांडायला मी गेले, दोघी मैत्रिणींना घेऊन. मी तेव्हा नुकती पत्रकं लिहायला शिकले होते आणि माझा समज होता की जगातलं कुठलंही काम एका पत्रकात होतं.

सेक्रेटरी भिंतीपुढं बसले होते. मी म्हटलं, स्वच्छतागृह तयार आहे. ते म्हणाले, व्हय, झक्कास झालंय. मी म्हटलं, मग कुलूप का? त्यांनी काठीनं भिंतीवर दाखवलं. इमारतीची गाडी कागलच्या अलीकडं होती. मुलींचं स्वच्छतागृह शेवटचा थांबा.

"लेकी," ते म्हणाले, "गाडी लेट झाली तर पॅसेंजर शिव्या देतंय. लवकर सुटली तर पॅसेंजर ऱ्हातंय. शिव्या खाल्लेल्या चालतात."

मी म्हटलं, पॅसेंजर दारात उभे आहेत, अकरा जणी, कुणी राहत नाही. तर ते म्हणाले, दोन हजार दहाला येणाऱ्या पोरींचं काय? त्या येतील आणि म्हणतील, आमची गाडी सात वर्षं आधीच गेली. मी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. नोकरीचं पहिलं वर्ष होतं. मलकापूरची दुपारची गाडी भरली म्हणून त्यांनी चार मिनिटं आधी सोडली. गाडी फाटकाबाहेर पडली आणि एक बाई पळत आली, कडेवर मूल, डोक्यावर पत्र्याची ट्रंक. रिकामा फलाट बघून ती स्टँडच्या घड्याळाखाली उभी राहिली आणि काचेतून त्यांना विचारलं, सायेब, घड्याळ बंद हाय काय? घड्याळ चालू होतं. बाई वेळेत आली होती. त्या दिवसापासून सेक्रेटरींनी काहीही वेळेआधी सुटू दिलं नाही. घरी जेवणाची वेळ बारा चाळीस. काकींनी बारा पस्तीसला ताट वाढलं तर हा माणूस पाच मिनिटं ताटाकडं बघत बसायचा, हात मांडीवर, आमटी निवेपर्यंत.

गोष्ट ऐकून माझ्या बरोबरच्या दोघी रडल्या. खरं सांगायचं तर मलाही भरून आलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं की आपण ज्या कामाला गेलो होतो ते झालेलं नाही.

मग मी पत्रक काढलं. झेरॉक्स काढून पेठेत वाटलं. त्यात लिहिलं की तरुण, आरोग्य आणि इमारत ही तिन्ही उद्दिष्टं सध्या एकाच खोलीत एकाच कुलपाआड आहेत आणि सेक्रेटरी त्यांची निपाणीच्या रस्त्यावर वाट बघत बसलेत. आणखीही लिहिलं. 'हेकट' लिहिलं, 'बथ्थड' लिहिलं. एक प्रत सेक्रेटरींच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून उभ्या उभ्या वाचली, मान डोलावली आणि विचारलं, ही सूचना हाय न्हवं? मी तोऱ्यात म्हटलं, हो, जाहीर सूचना आहे. आलेली सूचना जाहीर न करणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी मंडळाचा कर्णा लावला आणि माझं पत्रक पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, स्टँडवरच्या आवाजात, एक शब्द न गाळता.

"मंडळाचे सेक्रेटरी हे हेकट आणि बथ्थड गृहस्थ आहेत. पुन्हा एकदा. मंडळाचे सेक्रेटरी हे हेकट आणि बथ्थड गृहस्थ आहेत."

पेठ रस्त्यावर आली. पत्रकातली माझी मागणीसुद्धा दोनदा वाचली गेली. शेवटी "धन्यवाद" म्हणून त्यांनी कर्णा बंद केला, पत्रकाला भोक पाडून फाइलला लावलं आणि कुलूप होतं तिथंच ठेवलं. अशा माणसाशी लढायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मार्ग सापडला तो काकींना. त्या दुपारचा चहा घेऊन आल्या होत्या. आम्ही पायरीवर तोंडं पाडून बसलेल्या. त्यांनी आमच्याकडं न बघता, चपला काढता काढता सांगितलं, "येळापत्रक मोडायला सांगशीला तर मरंस्तवर ऐकायचं न्हाईत. जादा गाडी मागा की."

जोतिबाच्या यात्रेला जादा गाड्या सुटतात. दिवाळीला सुटतात. जादा गाडीला वेळापत्रक नसतं, गर्दी झाली की सोडायची. वैशाली आत गेली, मी मागोमाग. वैशालीनं एकच वाक्य सांगितलं. परीक्षेची गर्दी आहे, अकरा पॅसेंजर आहेत, जादा गाडी सोडावी. सेक्रेटरी ताठ बसले. त्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्या तरुणपणाचा अंदाज आला. आधी का न्हाय बोलला, असं त्यांनी आम्हालाच विचारलं. मी काय उत्तर देणार होते ते काकींच्या डोळ्यांकडं बघून गिळलं.

एवढ्यावर थांबले असते तर ते सेक्रेटरी नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मंडळाच्या मागं पेठ जमली. कर्ण्यावरून सांगितलं गेलं की मुलींचं स्वच्छतागृह, जादा, मागच्या फलाटाला लागत आहे. हलगीवाला आला. अध्यक्षांनी नळाला हार घातला. बत्तीस तरुण ओळीत उभे राहिले, कुणी पोट आत ओढून, कुणी तसेच. वैशालीच्या वडिलांना नारळ दिला, ते नारळ घेऊन गर्दीच्या शेवटी जाऊन लपले. मग सेक्रेटरींनी कुलूप काढलं, दार उघडलं, शिट्टी ओठात धरली आणि आम्हा अकरा जणींकडं बघून हातानं "चला" केलं.

कोण जाणार? दोनशे माणसं बघत होती. हलगी वाजत होती. एक म्हातारी पुढच्या रांगेत बसायला पाट घेऊन आली होती. आम्ही जमिनीकडं बघत उभ्या. अध्यक्षांना वाटलं, पोरी लाजतात, कुणी मोठ्यानं सुरुवात केली पाहिजे, म्हणून ते स्वतःच दाराकडं निघाले. त्यांच्या बायकोनं त्यांना शर्टाला धरून मागं ओढलं.

शेवटी वैशाली पुढं झाली. गर्दीकडं तोंड केलं. म्हणाली, "तुमी सगळी जावा. मग मी जातो."

कोणी हललं नाही. सेक्रेटरींनी समजावलं की पहिल्या पॅसेंजरला शिट्टी द्यावी लागते, रिवाज आहे. त्यावर ती म्हणाली, "शिट्टी वाजली तर मी परत भाकऱ्या थापाय जातो. मग चालवा तुमची गाडी रिकामी."

सेक्रेटरींनी शिट्टी खिशात घातली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडून एखादी गाडी शिट्टीशिवाय सुटली असेल. गर्दी पांगायला अर्धा तास लागला. म्हातारी पाटासकट शेवटी गेली.

परीक्षेपर्यंतचे दिवस चांगले गेले. वैशालीनं पाण्याची मोठी बाटली आणली. गणिताचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा हसत होती, म्हणजे मला वाटलं सुटलं. आम्ही बोलत बोलत मागं गेलो. दाराला कुलूप. पाटीवर मजकूर: "सीझन समाप्त. जादा गाडी बंद."

मी तिथंच दुसरं पत्रक तोंडी म्हणायला सुरुवात केली होती. नववीच्या चार मुली नव्यानं यायला लागल्या होत्या, त्यांनी घरचा रस्ता धरला होता, म्हणजे गेल्याच. वैशालीनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. म्हणाली, लिहू नको, ते परत वाचतील. आणि आत गेली.

सेक्रेटरी भिंतीवरची धूळ पुसत होते. ती त्यांच्या शेजारी बाकावर बसली. शांतपणे विचारलं, "सेक्रेटरी, तीस वर्षं स्टँडवर बसलासा. लांबच्या गाडीला बसणाऱ्या बायका नळावर पाणी पिताना बघितलासा कधी?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. विचार केला. त्यांची स्मरणशक्ती भयंकर होती, कुठल्या साली कुठली गाडी किती लेट झाली ते सांगायचे.

"न्हाय," ते म्हणाले. "बाप्ये यायची नळावर. बायका न्हाय."

"का?"

"मला वाटायचं, बायकास्नी तहान कमी लागत असंल."

वैशाली हसली नाही. मीही नाही. ती म्हणाली, "तेवढीच लागती, सेक्रेटरी. पण रत्नागिरीपर्यंत उतरायला जागा नसती. ट्रंकवाली ती बाई बी तशीच कोरडी बसली असंल, पुढची गाडी लागंस्तवर."

"पर एक बी बाई कधी बोलली न्हाय मला."

"माईक तुमच्याकडं हुता."

सेक्रेटरी उठले आणि घरी गेले. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. बारा चाळीसची वेळ होती जेवणाची. काकींनी नंतर सांगितलं की आल्या आल्या ताट वाढा म्हणाले, आणि वाढलेलं तसंच ठेवून परत बाहेर पडले.

आम्ही तिथंच होतो. ते हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, मागच्या बाजूला गेले, कुलूप काढलं आणि दाराचा बाहेरचा कोयंडा खोलायला बसले. खाकी शर्ट, गुडघे दुखत होते, तरी उकिडवे बसले. तीन स्क्रू निघाले, चौथा गंजला होता. फेब्रुवारीत बसवलेला स्क्रू मार्चमध्ये गंजला, यावर त्यांनी वैशालीच्या वडिलांबद्दल दोन वाक्यं काढली. तेवढ्यात अध्यक्ष आले. त्यांना काळजी वाटली. म्हणाले, कुलूप काढा की, पण कोयंडा असू द्या, पुढंमागं उपयोगी पडंल.

सेक्रेटरींनी वर न बघता सांगितलं, "कोयंडा ऱ्हायला तर उद्या मीच परत कुलूप लावीन. माझा मला भरवसा न्हाय."

चौथा स्क्रू निघाला. आतली कडी त्यांनी दोनदा लावून, काढून बघितली, ती ठेवली. बाहेरून त्या दाराला काहीच राहिलं नाही. मग ते नववीच्या मुलींच्या घरी गेले, चारही घरी, आणि प्रत्येक उंबऱ्यात उभं राहून सांगितलं, दोनदा दोनदा, की पोरीला परत पाठवा. तीन आल्या. चौथीच्या घरी पाहुणे आले होते. ती नंतरही कधी आली नाही. त्या मुलीचा हिशेब मी सेक्रेटरींच्या नावावर ठेवलेला आहे, आणि तो त्यांच्या मरणानं मिटत नाही. वैशालीचं गणित सुटलं, काठावर, पण सुटलं. ती मिरजेला नर्स आहे आणि ड्यूटीवर पेशंटांना पाणी पाजत फिरते म्हणे, त्यांना नको असलं तरी.

सेक्रेटरी त्यानंतर तीन वर्षांनी गेले. शेवटपर्यंत दर सभेत काठी घेऊन उभे राहायचे. दवाखाना मलकापूरलाच होता. तरुणांतले दोन कमी झाले होते. इमारतीच्या रेघेवर मुलींच्या स्वच्छतागृहापुढं त्यांनी साल खोडून काही लिहिलंच नाही, नुसती मोकळी जागा ठेवली. सभेत तिथं आले की काठी टेकायचे, थोडं थांबायचे आणि पुढं जायचे. ती एकच जागा अशी होती की जिच्याबद्दल ते दोनदा काय, एकदाही बोलले नाहीत.

आता मी गावोगाव फिरते. मंडळं बघते, वाचनालयं बघते, तालमी, समाजमंदिरं. सगळीकडं भिंतीवर उद्दिष्टं आहेत, रंगीत, छापील, आमच्या सेक्रेटरींपेक्षा कितीतरी शहाण्या माणसांनी लिहिलेली. आणि मागं गेलं की मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे. का, विचारलं तर सांगतात, घाण होतं. पाहुणे आले की उघडतो. किल्ली अध्यक्षांकडं आहे, अध्यक्ष बाहेरगावी आहेत. हे बोलताना त्यांना कुठलं जुनं दुःख नसतं, कुठली घड्याळाखालची बाई आठवत नसते. नुसतं कुलूप असतं.

म्हणून तुम्हाला सांगते. हे वाचून झालं की उठा. तुमच्या गल्लीतल्या मंडळाच्या मागच्या बाजूला आज जा, उद्या नको. मुलींच्या दाराला बाहेरून कोयंडा असेल तर किल्लीसाठी कुणाच्या दारात उभे राहू नका, किल्ली देणारा उद्या परत मागून घेतो. घरातला स्क्रू ड्रायव्हर बरोबर न्या. चार स्क्रू असतात. काढा.